बाबासाहेब आमदार होते, आणि आपल्या कौन्सिल हॉलमध्ये बोलायला उभे राहायचे

पीएमटी_पास :
मंगळवारची गोष्ट. लेकीला घेऊन बसने स्टेशनकडे चाललो होतो, कंडक्टर ओरडला "कौन्सिल हॉल, कौन्सिल हॉलवाले पुढे या" आणि सातवीतली पोरगी विचारते, बाबा कसली कौन्सिल? मी वीस वर्षं त्या स्टॉपवरून जातोय, विभागीय आयुक्तांचं ऑफिस म्हणून दोनचारदा आत पण जाऊन आलोय, तरी उत्तर पटकन देता येईना. म्हटलं इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ पावसाळ्यात पुण्यात भरायचं, ते इथे. म्हणजे विधानसभा? पुण्यात? हो. मग कोण कोण यायचं इथे? तिथे मी अडकलो, आणि मग माझ्याच तोंडून निघालं, बाबासाहेब यायचे. ती म्हणाली ते तर घटनेवाले ना, ते दिल्लीला होते.

तिची चूक नाही. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात चवदार तळं, मग एकदम पुणे करार, मग राज्यघटना, मग नागपूरची दीक्षाभूमी, असं चार फोटोंचं कॅलेंडर आहे. मधली दहा-बारा वर्षं ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बसत होते, बजेटवर बोलत होते, विधेयकं मांडत होते, हरत होते, परत मांडत होते, हे कुणी सांगतच नाही. फोटोझिंकोच्या शासकीय ग्रंथागारातून कधीतरी त्यांच्या भाषणांचा खंड २ आणून ठेवला होता, जाडजूड आणि इंग्रजी, त्यामुळे कपाटावर धूळ खात होता. तो काढला आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो, सकाळी ऑफिसला लेट.

१९२७ साली गव्हर्नरने त्यांना आणि डॉ. सोळंकींना अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून नेमलं. फेब्रुवारीत शपथ झाली आणि आठवडाभरात, २४ फेब्रुवारीला, पहिलं भाषण बजेटवर. वय पस्तीस. मला वाटलं होतं आता अस्पृश्यतेवर घणाघात असणार, डोळ्यात पाणी येणार. तर हा माणूस सारावसुलीवर, म्हणजे शेतजमिनीच्या सरकारी करावर बोलतोय. मुद्दा साधा, की इन्कम टॅक्सला ठरावीक उत्पन्नाच्या खाली माफी आहे, मग एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्याला सारा का माफ नाही, पीक येवो न येवो त्याने जमीनदाराच्याच दराने का भरायचा. पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या खर्चावर बोलले, की सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं १४ आणे आणि दारूच्या अबकारीतून त्याच माणसाकडून वसूल करतं दोन रुपयांच्या वर. आणे-पैच्या हिशोबात सरकारला उघडं पाडलंय, आवाज न चढवता.

आणि हाच माणूस नऊ वर्षांचा असताना काय झालं होतं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९०१ च्या सुमाराची उन्हाळ्याची सुट्टी. वडील कोरेगावला खजिनदार, त्यांनी पोरांना बोलावलं. हे, यांचा भाऊ आणि दोन भाचे, नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे बूट घालून साताऱ्याहून निघाले, मसूर स्टेशनला उतरले. न्यायला कोणीच नाही, कारण यांचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने चौकशी करत होता, पोरांनी जात सांगितली आणि तो पाच पावलं मागे सरकला. बैलगाडीवाला कोणी तयार होईना. शेवटी एक झाला, दुप्पट भाडं आणि अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. बरोबर जेवणाचे डबे होते पण रात्रभर पाणी मिळालं नाही म्हणून घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी अकराला पोचले.

मी हे एवढ्यासाठी लिहितोय की आजकाल इलेक्शन आलं की प्रत्येकाचं एक रील येतं, मी किती हाल काढले, आईने धुणीभांडी केली, मी पेपर टाकले. खरं असेल, हसत नाहीये. पण निवडून आल्यावर त्या हालांचं सभागृहात काय केलं हे विचारलं की सगळे शांत. मी जेवढी भाषणं वाचली त्यात मसूरची गाडी कुठेच नाही, पण प्रत्येक कलमाच्या मागे ती उभी आहे असं वाटत राहतं. कोणी यावर अजून वाचलंय का? पुण्याशी संबंधित असेल तर जास्त चांगलं. पोरीला पुढचं सांगायचंय.

दुपारी_१_ते_४ :
धागा वाचून दुपारची झोप उडाली, त्याबद्दल निषेध. बाकी मजकूर उत्तम. पण 'आमदार' हा शब्द खटकला बुवा, हल्ली तो शब्द ऐकला की डोळ्यासमोर पांढरी गाडी, वाढदिवसाचा फ्लेक्स आणि भावी अमुकतमुक येतं.

पीएमटी_पास :
म्हणूनच तो शब्द मुद्दाम वापरला. काकांना शुभनिद्रा.

शंकासुर :
एक शंका. नेमलेले होते म्हणजे निवडून आलेले नाहीत. इंग्रज गव्हर्नरने खुर्ची दिली, यांनी घेतली. त्याच काळात बाकीचे लोक तुरुंगात जात होते. मग हा संघर्ष कसा, ही तर सरकारी मर्जी झाली. राग मानू नका, खरंच विचारतोय.

वकिलीणबाई :
शंकासुर, राग नाही, पण तेव्हाचा मतदार कोण होता ते बघा. मत द्यायला सारा भरत असायला हवा, नाहीतर घरभाडं, मालमत्ता, काहीतरी दाखवायला हवं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते निवडून देणार कसे आणि निवडून येणार कसे? त्यामुळे नेमणूक हाच एक दरवाजा होता. त्या दारातून आत गेल्यावर मर्जी सांभाळली का, हा खरा प्रश्न. तर पहिल्याच भाषणात नेमणाऱ्याच्याच बजेटवर टीका. आणि सायमन कमिशनसमोर साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, म्हणजे यापुढे नेमणुका नकोत, सगळ्यांना मत द्या. ती साक्ष पण पुण्यातच झाली बरं का, ऑक्टोबर १९२८. धागाकर्त्याच्या लेकीसाठी नोंद.

अजून एक पुण्याचं. त्याच्याआधी, १९२६ ला, ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांवर बदनामीचा खटला झाला तो पुण्याच्या कोर्टात, आणि त्यांचे वकील होते बॅरिस्टर आंबेडकर. सुटले ते. म्हणजे आमदार व्हायच्या आधीच पुण्याने त्यांना कोर्टात युक्तिवाद करताना बघितलं होतं.

आळंदीरोड :
नेहमी वाचनमात्र असतो, पहिल्यांदा लिहितोय, शुद्धलेखन बघू नका.

पीएमटीवाल्या दादांनी पुण्याचं विचारलं म्हणून सांगतो. ३ ऑगस्ट १९२८ ला याच कौन्सिल हॉलमध्ये बाबासाहेब महार वतनाच्या बिलावर बोलले. बिल मार्चमध्ये मुंबईला मांडलं होतं, चर्चा पुण्यात झाली. आमच्या घरात ही तारीख माहीत आहे कारण आमच्या आज्याला माहीत होती. त्याला लिहिता येत नव्हतं पण तारीख पाठ.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. वतन म्हणजे काय हे आता पोरांना सांगितलं की त्यांना वाटतं जहागिरी होती. होय, जहागिरीच. काम काय तर गावची राखण, पाटलाचा सांगावा पोचवायचा, साऱ्याचे पैसे घेऊन जाणाऱ्याबरोबर सासवडपर्यंत चालत जायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, कोणी मेलं की परगावच्या पाहुण्यांना कळवायला जायचं मग रात्र असो पाऊस असो, मेलेलं ढोर ओढायचं. दिवस आणि रात्र दोन्ही सरकारची. आजारी पडला तर घरातलं दुसरं कोणी गेलं पाहिजे, बाई असली तरी. आणि पगार? सरकार म्हणणार तुम्हाला इनाम जमीन दिलीय ना, आणि गाव म्हणणार बलुतं देतो ना. जमीन वाटण्या होऊन होऊन आमच्या वाट्याला गुंठ्यात आलेली, आणि बलुतं म्हणजे खळ्यावर सगळ्यांचं झाल्यावर खाली जे सांडलेलं ते. आजी सांगायची, येसकराची, म्हणजे गावच्या वेशीवर राखण करायची पाळी असली की संध्याकाळी घरोघर भाकरी मागायला जायचं, हातात कोणी देत नव्हतं, वरून पदरात टाकायचे, कधी ताजी कधी दोन दिवसांची.

बाबासाहेबांचं बिल काय म्हणत होतं, बलुत्याच्या जागी रोख पैसे ठरवा आणि ते सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावेत म्हणजे गावापुढे हात पसरायला नको, कामं कोणती ती लिहून ठरवा, आणि ज्याला वतन सोडायचंय त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि मोकळं करा. बस. भीक मागितली नाही, उलट म्हणाले आमची जमीन, आम्ही सारा भरतो, फक्त गुलामी काढून घ्या. नाहीतर महारांना संप करावा लागेल असं सरळ सांगून टाकलं सभागृहात.

आता घरातलं भांडण सांगतो. आज्याचा थोरला भाऊ बिलाच्या विरुद्ध होता. म्हणायचा वतन हा आपला हक्क आहे, बापजाद्यांचं आहे, गावात त्याच्यामुळे आपल्याला जागा आहे, ते सोडलं तर गाव आपल्याला ओळखणार नाही. आज्या म्हणायचा कसली ओळख, काठी आणि घोंगडी हीच ना. दोघं एका चुलीवर जेवायचे आणि दोन वर्षं बोलले नाहीत. आज्याने शेवटी गाव सोडलं, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत लागला, पहिल्या पगाराला महिन्याची तारीख ठरलेली होती याचंच त्याला अप्रूप. मरेपर्यंत सांगायचा, ठरल्या दिवशी पैसे, आणि हातात देतात.

मसाला_दूध :
हातात देतात. हे वाचून पाच मिनिटं स्क्रीन तशीच ठेवली. आळंदीरोड, वाचनमात्र राहू नका हो.

शंकासुर :
आळंदीरोड, धन्यवाद. मी शब्द मागे घेत नाही पण शंका जरा बारीक झाली. बिलाचं पुढे काय झालं?

वकिलीणबाई :
पडलं नाही, पण उभंही राहू दिलं नाही. तपासणीसाठी प्रवर समितीकडे गेलं, सरकारचा विरोध होताच, कारण फुकटात राबणारी माणसं गेली तर पगारी माणसं ठेवावी लागतील आणि तो खर्च कोण करणार. जे परत आलं त्यात मूळ जीवच राहिला नव्हता, १९२९ च्या जुलैमध्ये त्यांनीच मागे घेतलं. १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा होता, त्यात ही दुरुस्ती होती. शेवटी कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ ला आणि अमलात आला १ ऑगस्ट १९५९ पासून. तोपर्यंत बाबासाहेब जाऊन अडीच वर्षं झाली होती. कौन्सिल हॉलमधल्या त्या भाषणापासून मोजलं तर एकतीस वर्षं.

आणि पुणेकरांनो, हा इतिहास नाही हं. महसूल खात्यात आजही हे प्रकरण चालू आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात 'इनाम वर्ग ६ब' दिसलं तर ती हीच जमीन. शहराच्या कडेला जिथे जिथे भाव चढले तिथे तिथे या जमिनींवर डोळा आहे, विकायला सरकारची परवानगी लागते, नजराणा लागतो, आणि कोणाच्या तरी आज्याचा अंगठा कुठल्यातरी कुलमुखत्यारपत्रावर सापडतो. माझ्याकडे महिन्याला एक तरी असं कुटुंब येतं. त्यातल्या निम्म्यांना ६ब म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि गंमत म्हणजे ज्या वतनातून सुटका व्हावी म्हणून तो माणूस भांडला, त्याच्याच जमिनीचा कागद आज त्यांना एकमेव आधार वाटतो. आळंदीरोड यांचे थोरले आजोबा आणि धाकटे आजोबा दोघेही बरोबर होते असं मला कधीकधी वाटतं.

नेहरू_स्टेडियम_ईस्ट_स्टँड :
थोडं अवांतर, पण फार नाही. १९३७ ला बाबासाहेब निवडून आले ना, मुंबईतून, तेव्हा त्यांच्या विरोधात काँग्रेसने कोणाला उभं केलं होतं माहितीये? पळवणकर बाळू! आपले पुण्याचे बाळू. म्हणजे जन्म धारवाडचा पण क्रिकेट घडलं पुण्यात. साहेबांच्या क्लबात मैदान रोल करायचे, जाळी लावायचे, महिन्याला चार रुपये. ग्रेग नावाचा गोरा बॅट्समन यांची बॉलिंग घेऊन सराव करायचा, बाळूंना बॅटिंग कोणी देत नव्हतं. मग पुण्यातल्या हिंदू टीमला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून यांना घेतलं. मैदानात बॉल सगळ्यांनी एकच हाताळायचा, पण टी-टाइमला यांचा चहा बाहेर, मातीच्या कपात. १९११ ला इंग्लंड दौऱ्यावर ११४ विकेट्स काढल्या या माणसाने.

म्हणजे बघा, मसूरला पाणी न मिळालेला मुलगा आणि पुण्यात बाहेर चहा प्यायलेला बॉलर, दोघं एकाच जागेसाठी समोरासमोर. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. मला दोघांचंही वाईट वाटतं आणि दोघांचाही अभिमान वाटतो, क्रिकेटवाल्याने असं बोलू नये पण मॅच ड्रॉ व्हायला हवी होती.

दुपारी_१_ते_४ :
अवांतर कसलं, धाग्यातली सगळ्यात चांगली ओव्हर टाकलीत. फक्त एक भर. ज्या राखीव जागेवर ही लढत झाली ती पुणे कराराने आलेली, म्हणजे परत येरवडा. पुणे काही सुटत नाही.

चिपळूण_ते_कोथरूड :
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आळंदीरोड यांनी घरातलं सांगितलं म्हणून मी पण सांगतो.

१७ सप्टेंबर १९३७ ला पुण्याच्याच अधिवेशनात बाबासाहेबांनी दुसरं एक बिल मांडलं, खोती रद्द करण्याचं. आम्ही खोत. पणजोबांपर्यंत खोती होती, त्यामुळे आमच्या घरात बाबासाहेबांचं नाव या बिलासकट निघायचं, आणि प्रेमाने नाही.

ज्यांना कोकण म्हणजे फक्त आंबे आणि बीच माहितीये त्यांच्यासाठी. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून किती घ्यायचं ते आपण ठरवायचं, अर्धं पीक तर सर्रास. वर वेठ. कुळाने खोताच्या शेतात फुकट नांगर धरायचा, घराची शाकारणी करायची, पालखी उचलायची. माझी आजी कौतुकाने सांगायची की आमच्याकडे गणपतीला शंभर माणूस राबायचं. किती वर्षं मी ते कौतुकानेच ऐकलं. त्यांना पैसे किती द्यायचे हा प्रश्न मला पडला तो नोकरीला लागल्यावर, आणि आजीला विचारला तेव्हा ती खरोखर गोंधळली, म्हणाली पैसे कसले, आपलीच माणसं होती ती.

ते बिल फक्त महारांसाठी नव्हतं हे आमच्या घरात कधीच बोललं गेलं नाही. कुळं बहुतेक कुणबी, आगरी, महार, सगळीच. तिकडे अलिबागजवळ चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालला होता, नारायण नागू पाटील पुढारी, लोकांनी वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या पण खोताला भात दिलं नाही. त्या संपाला बाबासाहेबांचा पाठिंबा, आणि मग जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी बोटीने मुंबईला जाऊन त्यांच्या मागे कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले. आमच्या पणजोबांची कुळंही त्यात होती असं चुलत आजोबा सांगायचे, चिडून सांगायचे, की आमचंच खाऊन गेली. कोण कोणाचं खात होतं हा हिशोब मला लागायला चाळीस वर्षं लागली.

बिल तेव्हा पास झालं नाहीच. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. त्याच सुमारास कूळकायदा. पणजोबांच्या जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं म्हणे. पण आमची पुढची पिढी शिकून पुण्यात आली, फ्लॅट झाले, कोणी उपाशी मेलं नाही. गावी जातो तेव्हा ज्यांच्या नावावर जमीन झाली त्यांच्याच घरी उतरतो आता, त्यांचं होमस्टे आहे. मासे झकास करतात. पैसे आधी घेतात.

मसाला_दूध :
पैसे आधी घेतात :)

आळंदीरोड :
चिपळूणवाले साहेब, लिहिलंत हे बरं केलंत. आमच्या आज्याला भेटला असता तर त्याने तुम्हाला चहा पाजला असता, हातात दिला असता.

रात्रपाळी_हिंजवडी :
व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की बाळंतपणाची रजा बाबासाहेबांनी दिली. खरंय का? विचारायचं कारण वैयक्तिक आहे. मी एका ठिकाणी काँट्रॅक्टवर होते, सातवा महिना लागला आणि एजन्सीचा मेल आला की प्रोजेक्ट संपला. प्रोजेक्ट संपला नव्हता, माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. तेव्हा तो फॉरवर्ड कोणीतरी ग्रुपवर टाकला होता आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला, म्हटलं दिली असेल तर माझी कुठे गेली.

वकिलीणबाई :
फॉरवर्ड अर्धा खरा. १९२८ च्या जुलैमध्ये, म्हणजे वतनाच्या भाषणाच्या आठवडाभर आधी, कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं बिल चर्चेला आलं. बिल दुसऱ्या सभासदाचं होतं. बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. विरोध करणारे म्हणत होते गिरण्यांवर बोजा पडेल, बायकांना कामावर घेणंच बंद करतील. ओळखीचं वाटतंय ना? यांचं म्हणणं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, त्यामुळे मुख्य भार सरकारने उचलावा हे कबूल, पण जो मालक बाईच्या कामाचा फायदा घेतो त्यानेही थोडा उचलायलाच हवा. १९२९ ला मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशात पहिला. मग केंद्राचा १९६१ चा, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे.

तुमच्या बाबतीत एजन्सीने जे केलं ते कागदावर 'प्रोजेक्ट संपला' म्हणून केलं की नोटीस देऊन, यावर बरंच अवलंबून आहे. गरोदरपणामुळे काढणं बेकायदेशीर आहे, काँट्रॅक्टवर असलात तरी. मेल डिलीट करू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पीएमटी_पास :
वकिलीणबाई, तुमचं वाचून मी परत तारखा लावत बसलो. या २८ च्या जुलैच्या बरोबर दोन वर्षं आधी, जुलै १९२६ ला, त्यांचा राजरत्न गेला. त्याच्याआधी गंगाधर, रमेश, इंदू. पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव राहिले. रमाबाईंची तब्येत तेव्हापासून ढासळलेलीच, घर म्हणजे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या. राजरत्न गेल्यावर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सगळं मन मोकळं केलंय, ते वाचवत नाही. सात महिन्यांनी तोच माणूस शपथ घेतो आणि सारावसुलीवर बोलतो. आणि दोन वर्षांनी पुण्यात पावसाळ्यात, आईला विश्रांती मिळायला हवी यावर बोलायला उभा राहतो. भाषणात स्वतःच्या घरातलं एक अक्षर नाही. मी तीनदा वाचलं, मला वाटलं माझ्याकडून पान सुटलं.

शंकासुर :
कदाचित म्हणूनच बोलले नसतील. सभागृहात घरचं काढलं की समोरचा सहानुभूती देतो आणि मत देत नाही. हे मी सोसायटीच्या मीटिंगच्या अनुभवावरून सांगतोय, तुलना करत नाहीये, चप्पल काढू नका.

दुपारी_१_ते_४ :
चप्पल राहू द्या, शंकासुरांचं पहिल्यांदा पटलं याची नोंद घ्यावी.

रात्रपाळी_हिंजवडी :
व्यनि केला आहे. मेल आहे माझ्याकडे, तारखेसकट.

आणि शंकासुर, बरोबर आहे तुमचं. मी एचआरला फोन केला होता तेव्हा रडले होते. त्या बाईंनी खूप समजून घेतलं, पाणी प्या म्हणाल्या. झालं काहीच नाही.

चिपळूण_ते_कोथरूड :
अजून एक राहिलं. यातली बहुतेक बिलं ते असताना पास झाली नाहीत. वतन गेलं ३१ वर्षांनी, खोती १२ वर्षांनी. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने ३७ ला १७ जण उभे केले, बहुतेक आले, पण सभागृह पावणेदोनशेचं. संख्याबळ नाही हे माहीत असून बिल मांडत होते. महाडचंही बघा, सत्याग्रह झाला १९२७ ला, पण सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा हा ठराव कायदेमंडळात सभासद सी. के. बोले यांनी १९२३ ला आणला होता, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तो मान्यही केला होता. कागदावर तळं खुलं होतं. तीन वर्षं कोणी प्यायलं नव्हतं. म्हणजे आधी कागद, मग माणसं चालत गेली. आणि खोतीत उलटं, आधी चरीत माणसं बसली, मग कागद आला.

आळंदीरोड :
आमच्याकडे दोन्ही बरोबरच चाललं होतं. पर्वतीचा सत्याग्रह १९२९ चा, मंदिरात जाऊ द्या म्हणून, पुण्यातल्याच आमच्या लोकांनी केला, शिवराम जानबा कांबळे, राजभोज वगैरे. दगड खाल्ले लोकांनी तिथे. आज पर्वतीवर सकाळी फिरायला जाणारे निम्मे लोक विचारलं तर सांगतील पेशव्यांचं. ते पण आहेच म्हणा.

पीएमटी_पास :
पोरीला कालपर्यंतचं सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, बाळूला तेव्हा पाणी तरी मैदानात द्यायचे का. दुसरा, आळंदीरोड काकांचे दोन आजोबा परत बोलायला लागले का. दुसऱ्याचं उत्तर तुम्हीच द्या.

रविवारी सकाळी तिला कौन्सिल हॉल बाहेरून दाखवायला नेतोय, ऑफिस बंद असतं पण इमारत दिसते. कोणाला यायचं असेल तर साडेआठ, स्टॉपवर. मी खंड २ पिशवीत घालून आणतो, वतनाचं भाषण थोडं वाचू. वकिलीणबाई, जमलं तर मराठीत समजावून सांगाल का, माझं इंग्रजी चौदा आण्याचं आहे.

वकिलीणबाई :
येते. साडेआठ म्हणजे साडेआठ, पुणेरी साडेनऊ नको.

आळंदीरोड :
बोलायला लागले दादा. आज्या खडकीला लागल्यावर दिवाळीला गावी गेला, भावासाठी बूट घेऊन. थोरल्याने बूट घातले नाहीत पण ठेवून घेतले. पुढच्या वर्षी येसकराची पाळी आली तेव्हा तेच बूट घालून सासवडला गेला.

रविवारी येतो. बायकोला आणि पोराला घेऊन येतो. नाश्त्याचं मी बघतो, भाकरी आणि ठेचा, ताजी.

दुपारी_१_ते_४ :
सकाळची वेळ असल्याने उपस्थित राहण्यास हरकत नाही. छत्र्या आणा, रविवारी पाऊस सांगितलाय.